ड्रायव्हर माजघरात की ओसरीवर?

१९ जुलै २०२४ रोजी आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून आडवे झाले होते. आकडा मायक्रोसॉफ्टचाच आहे. व्हायरस नव्हता, कुणाचा हल्लाही नव्हता. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक ड्रायव्हर सदोष फाइल वाचताना मेमरीच्या हद्दीबाहेर गेला, एवढेच.

एवढ्याशा चुकीने इतका अनर्थ का व्हावा? याचे उत्तर पन्नास वर्षांच्या इतिहासात आहे.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणक एक भाषा बोलतो, प्रिंटर दुसरी. मध्ये ड्रायव्हर उभा. उर्दू आणि मराठीच्या मध्ये मी रोज उभा असतो, त्यामुळे या कामाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे. पण दुभाष्याला बसवायचे कुठे? संगणकाच्या घरात कर्नल हे माजघर. तिथे बसणाऱ्याला घरातली प्रत्येक वस्तू हाताळता येते. आपले नेहमीचे प्रोग्रॅम ओसरीवर, म्हणजे युजर स्पेसमध्ये बसतात. ओसरीवरचा कोसळला तर एकटाच कोसळतो. माजघरातला कोसळला तर घर बसते.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये युनिक्स घडवले आणि १९७३ मध्ये त्याचे कर्नल सी भाषेत नव्याने लिहिले. उपकरण हीसुद्धा एक फाइल मानायची, उघडायची, वाचायची, तिच्यात लिहायचे, ही त्यांची सुंदर कल्पना. मात्र त्या फाइलमागचा ड्रायव्हर माजघरातच राहिला. आत-बाहेर करण्यात वेळ जातो आणि तेव्हाची यंत्रे संथ होती. निर्णय त्या काळाला धरून होता.

२९ जानेवारी १९९२ रोजी ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्स कालबाह्य आहे असे जाहीरपणे लिहिले. लिनक्स लिहिणारा लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीचा बावीस वर्षांचा विद्यार्थी होता. कर्नल लहान ठेवा, बाकीचे बाहेर काढा, हे टॅनेनबॉम यांचे म्हणणे. टोरवाल्ड्सने तत्त्वापुरते ते मान्यही केले, पण आपली रचना सोडली नाही. गंमत अशी, की टॅनेनबॉम यांच्या मिनिक्समध्येही तेव्हा फाइलव्यवस्था बाहेर होती, ड्रायव्हर मात्र आतच! ते बाहेर आले २००५ मध्ये, मिनिक्स ३ मध्ये. तिथे ड्रायव्हर मेला तर दुसरा एक प्रोग्रॅम त्याला पुन्हा उभा करतो.

मायक्रोसॉफ्ट तर उलटीकडे निघाले. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये पडद्यावर चित्र उमटवणारा भाग वेगासाठी बाहेरून आत नेला गेला. या वेगाची किंमत हळूहळू कळली. लिनक्समध्ये ड्रायव्हरच्या कोडमधल्या चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत असल्याचे २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले. यात आश्चर्य नाही. उपकरण बनवणाऱ्याला आपले उपकरण ठाऊक असते, कर्नलचे रीतिरिवाज नसतात.

ऑक्टोबर २००७ मध्ये लिनक्सनेही ओसरीवर जागा केली. हान्स-युर्गन कोख यांची यूआयओ ही सोय २.६.२३ या आवृत्तीत आली. माजघरात एक छोटा तुकडा ठेवायचा. उपकरणाने हाक मारली की त्याने ती ऐकायची. बाकी सगळे साध्या सी प्रोग्रॅममध्ये. उपकरणाची फाइल उघडायची, त्याची मेमरी एममॅपने आपल्याकडे जोडून घ्यायची, मग रीड म्हणायचे आणि थांबायचे. हाक आली की रीड परत येते, आतापर्यंत किती हाका आल्या तो आकडा घेऊन.

साध्या कामासाठी तर त्याआधीपासूनच एक वाट होती. माझ्या भाच्याने एका जुन्या संगणकाच्या पॅरलल पोर्टला आठ एलईडी जोडले. आयओपर्मने परवानगी मागितली, आउटबीने २५५ लिहिले, आठही दिवे लागले. नंतर कुठेतरी पॉइंटर चुकला. पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढी एक ओळ आली आणि बाकी संगणक निवांत चालू. "मामू, थांबा, परत चालवतो," म्हणाला. हीच चूक कर्नलमध्ये झाली असती तर बहुधा संगणकच पुन्हा सुरू करावा लागला असता.

ओसरी म्हणजे पूर्ण सुरक्षितता, असे मात्र नाही. काही उपकरणे प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितात. त्यांना चुकीचा पत्ता दिला तर भिंत असून उपयोग नाही. त्यांच्यावर पहारा ठेवणारी व्हीएफआयओ ही व्यवस्था लिनक्समध्ये २०१२ मध्ये आली.

आणि विंडोज? विमानतळांवरच्या त्या गोंधळानंतर चार महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलच्या बाहेरून चालवता येईल अशी सोय ते करत आहेत.