मर्ल ओबेरॉन : टास्मानियातला न झालेला जन्म

१९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील होबार्ट शहरात एका वृद्ध अभिनेत्रीचा नागरी सत्कार योजला होता. पाहुणी होती हॉलिवूडची मर्ल ओबेरॉन. आपल्या मातीत जन्मलेली तारका म्हणून होबार्टकरांना तिचा विलक्षण अभिमान. पण समारंभात ती जन्मस्थानाविषयीच्या प्रश्नांनी अस्वस्थ झाली आणि प्रकृतीचे कारण देऊन लवकर निघून गेली.

याचे कारण साधे होते. तिचा जन्म होबार्टचा नव्हता. ती मुंबईत जन्मली होती.

१९ फेब्रुवारी १९११. नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन. वडील भारतीय रेल्वेत काम करणारे ब्रिटिश अभियंता. ते पहिल्या महायुद्धात गेले. तिला वाढवले शार्लट सेल्बी या मूळच्या सिलोनच्या, मिश्रवंशीय बाईने. मर्ल तिलाच आई मानत असे. प्रत्यक्षात शार्लट तिची आजी होती. जन्मदात्री होती शार्लटची कोवळ्या वयातली मुलगी, कॉन्स्टन्स. १९१७ च्या सुमारास हे कुटुंब कलकत्त्याला गेले. तिथल्या ला मार्टिनिअर शाळेत मिश्र रक्तावरून होणाऱ्या छळामुळे मर्लने शाळा सोडली. पुढे तिने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली आणि १९२८ मध्ये युरोप गाठला.

लंडनमध्ये निर्माता अलेक्झांडर कोर्डाने तिला हेरले. १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ती अ‍ॅन बोलीन झाली. भूमिका काही मिनिटांचीच, पण लक्षात राहणारी. याच काळात टास्मानियाची कथा रचली गेली. निवड मोठी धूर्त होती. टास्मानिया ब्रिटिश साम्राज्यात होते, वस्ती गोऱ्यांची, आणि लंडन-लॉस एंजेलिसपासून इतके दूर की जन्मनोंद तपासायला कोण जाणार? लष्करी अधिकारी असलेले वडील वारले आणि मुलगी भारतात आली, एवढे जोडले की कलकत्त्याच्या वर्षांचाही हिशेब लागे.

आरंभी मात्र पडद्यावर तिचे ‘परकेपण’च विकले गेले. १९३४ च्या ‘द बॅटल’मध्ये तर ती चक्क जपानी सरदाराची पत्नी होती. प्रतिमा पालटली ती अमेरिकेत. सॅम्युएल गोल्डविनच्या ‘द डार्क एंजल’मध्ये (१९३५) तिला साधी, सोज्वळ इंग्रज तरुणी म्हणून उभे केले गेले आणि त्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. पारितोषिक बेटी डेव्हिसला गेले. पण दक्षिण आशियाई वंशाची एक स्त्री सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या स्पर्धेत होती, हे त्या रात्री सभागृहात कुणाला ठाऊक असण्याची शक्यता फार थोडी.

खरे सांगितले असते तर? १९१७ च्या अमेरिकी कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले होते. भारतीयांसाठी ते १९४६ मध्ये किंचित किलकिले झाले, वर्षाला शंभर जण एवढेच. शिवाय १९३४ पासून कडकपणे राबवल्या गेलेल्या हेज संहितेत गोऱ्या व काळ्या वंशांतील प्रणयाचे चित्रण निषिद्ध होते आणि स्टुडिओ ती भीती आशियाई कलावंतांपर्यंत ताणत. चिनी वंशाच्या अ‍ॅना मे वाँगला ‘द गुड अर्थ’मधली चिनी नायिकासुद्धा मिळाली नाही, ती लुईझ रायनर या युरोपीय नटीने रंगवली. तेव्हा मर्लला नुसती खोटारडी म्हणणे सोपे असले, तरी ते न्याय्य नाही.

व्हिव्हियन ली हिचा जन्मही भारतातला, १९१३ सालचा, दार्जिलिंगचा. तिने तो कधी लपवला नाही. तिला लपवण्याची गरजच नव्हती. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये (१९३९) कॅथीची भूमिका मर्लकडे गेली आणि लीला देऊ केलेली दुय्यम भूमिका तिने नाकारली.

१९३७ च्या मोटार अपघातात मर्लच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डने, जो पुढे तिचा पती झाला, कॅमेऱ्याच्या भिंगालगत बसवायचा एक दिवा तयार केला. समोरून पडणाऱ्या त्या प्रकाशात व्रण पुसट होत आणि वर्णही उजळ दिसे. चित्रीकरणात तो दिवा ‘ओबी’ याच नावाने ओळखला जातो.

घरातले चित्र अधिक क्लेशदायक आहे. शार्लट तिच्याजवळ राहत असे, पण पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरे, असे चरित्रकार सांगतात. १९३७ मध्ये शार्लट वारली. बारा वर्षांनी मर्लने जुन्या छायाचित्रावरून तिचे तैलचित्र करवून घेतले, त्यात शार्लटचा वर्ण गोरा रंगवलेला होता. ते चित्र मर्लच्या घरी अखेरपर्यंत टांगलेले राहिले.

मर्ल १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात वारली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्राने मुंबईचा जन्म उघड केला. पुढे कॉन्स्टन्सच्या मुलाचीही कहाणी समोर आली. मर्लला तो मावशी समजत असे. मुंबईच्या सरकारी दप्तरातला तिचा जन्मदाखला हाती आला, तेव्हा ती आपली बहीण असल्याचे त्याला कळले. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला होता. तिने भेट नाकारली.