वनगणना व तोड-आयोजन : बेळगाव-निपाणी सीमाभाग

जंगलात नमुन्यादाखल झाडे मोजायची, ती मोजणी संगणकात भरायची आणि तिच्यावरून कोणत्या वनखंडातून कधी व किती लाकूड काढायचे, कोणता वनखंड हात न लावता राखायचा हे ठरवायचे, अशी ही प्रक्रिया आहे. भारतात तिचा निष्कर्ष साधारण दहा वर्षांसाठी तयार होणाऱ्या कार्य आयोजनेत येतो. वनखात्यात तिला सगळे वर्किंग प्लॅनच म्हणतात.

बेळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,४१५ चौ. किमी. असले, तरी दाट जंगल मुख्यतः खानापूर तालुक्यात आणि सह्याद्रीच्या कडेला आहे. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला पाऊस मुसळधार पडतो आणि झाडी सदाहरित आहे. तेथून पूर्वेकडे सरकले की थोड्याच अंतरात पाऊस झपाट्याने घटतो. मग साग, ऐन, किंजळ, नाणा, बिबळा, शिसव अशी पानझडी झाडी लागते, आणि निपाणी-चिकोडीकडे येईपर्यंत तंबाखूची व उसाची शेती, बांधावरची झाडे आणि उघड्या टेकड्या एवढेच उरते. त्यामुळे या जिल्ह्यात ‘दर हेक्टरी सरासरी इतके घनमीटर’ या आकड्याला अर्थ नाही. आधी जंगलाचे प्रकारवार स्तर पाडावे लागतात, प्रत्येक स्तरातून वेगळे नमुने घ्यावे लागतात, आणि आज्ञावलीतही ते स्तर वेगळेच ठेवावे लागतात.

मोजून तोडण्याची शिस्त भारतात एकोणिसाव्या शतकात आली. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले. डीट्रिख ब्रँडिस यांनी १८५६ पासून ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनात ठराविक रेषेने जाऊन घेराच्या वर्गांनुसार झाडे मोजली आणि दर वर्षी किती झाडे तोडता येतील याचा हिशेब मांडला. १८६४ मध्ये ते भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. बेळगावच्या जंगलावर या काळात रेल्वेचा मोठा भार पडला. लोंढ्यावरून कॅसलरॉकमार्गे मार्मागोव्याकडे जाणारा लोहमार्ग १८८८ च्या सुमारास सुरू झाला, आणि घाटातले लाकूड दूरच्या बाजारपेठांना जोडले गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक, राज्यात गेला, तर त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात, राहून कोल्हापूर जिल्ह्यात आला. खानापूर-बेळगाव आणि चंदगड यांमधले जंगल सलग आहे, पण त्याच्या नोंदी तेव्हापासून दोन राज्यांच्या दोन दप्तरांत आहेत.

आजची कायदेशीर चौकट १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने व त्यानंतर टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ठरली. केंद्राने मान्य केलेल्या कार्य आयोजनेखेरीज वनातील वृक्षतोड या आदेशाने थांबली. आयोजना कशी करावी हे राष्ट्रीय संहितेत सांगितले असून ती २००४, २०१४ व २०२३ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे गणनेचा तक्ता ही आता तोडीची पूर्वअट आहे, आणि त्यातील चूक केवळ कारकुनी राहत नाही.

प्रत्यक्ष मोजणी नमुना-भूखंडांत होते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या पद्धतीत भूखंड ०.१ हेक्टरचा, म्हणजे ३१.६२ मीटर बाजूचा चौरस असतो. मध्यबिंदूपासून कर्णाच्या दिशेने २२.३६ मीटर मोजले की कोपरे मिळतात. आतील झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, छातीच्या पातळीला, टेपने घेतात आणि काही झाडांची उंचीही मोजतात. उतारावर टेप जमिनीला टेकवून ओढला, तर भूखंड नकाशावर लहान होतो. ३० अंशांच्या उतारावर उताराच्या दिशेचे अंतर सुमारे १३ टक्क्यांनी आखडते आणि तेवढेच क्षेत्र कमी भरते. जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरात हे रोजचे काम आहे. म्हणून आडवे अंतर काढूनच खुंट्या मारायच्या.

पुढचा टप्पा नोंद भरण्याचा. बहुतेक दोष येथे शिरतात, कारण भरणारा माणूस बहुधा त्या झाडाजवळ उभा राहिलेला नसतो. सर्वांत घातक गोंधळ घेर आणि व्यास यांचा. १२० सेंमी. घेराच्या झाडाचा व्यास सुमारे ३८ सेंमी. असतो आणि बुंध्याचा छेद ०.११५ चौ. मी. भरतो. तोच १२० चा आकडा व्यासाच्या रकान्यात पडला की छेद १.१३ चौ. मी. होतो, म्हणजे जवळजवळ दहा पट, आणि लाकडाचा अंदाजही त्याच प्रमाणात फुगतो. आज्ञावली तक्रार करत नाही, कारण १२० सेंमी. व्यासाचे झाड असूच शकते. एकट्या झाडावरून ही चूक कळत नाही. वनखंडातील सगळ्या झाडांचे घेरवर्ग मांडून पाहिले, बारीक झाडे जास्त आणि जाड झाडे कमी असा उतरता क्रम दिसतो का हे तपासले, की ती लगेच उघडी पडते.

दुसरा प्रश्न झाडाच्या नावाचा, आणि या दुभाषी मुलखात तो टाळता येत नाही. ऐनाला कन्नडमध्ये मत्ती, बिबळ्याला होन्ने, शिसवाला बीटे आणि किंजळाला किंडल म्हणतात. वाटाड्याने किंजळ सांगितले, एका वनरक्षकाने किंजळ लिहिले आणि दुसऱ्याने किंडल, की संगणकात दोन जाती तयार होतात आणि दोन्ही अपुऱ्या दिसतात. त्यासाठी टर्मिनॅलिया पॅनिक्युलाटा या शास्त्रीय नावाला एकच संकेतांक देऊन दोन्ही स्थानिक नावे त्याला जोडावीत. स्थानिक नावे काढून टाकणे मात्र चूक ठरेल. झाड ओळखणारा माणूस त्याच नावाने ओळखतो, आणि मोजणीचा खरा आधार तोच आहे.

घनफळाच्या पद्धतीचेही असेच आहे. डेपोत ओंडका चौथाई घेराने, म्हणजे घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी असा, मोजण्याची जुनी रीत आहे. ३ मीटर लांब व मध्याशी १२० सेंमी. घेराचा ओंडका या रीतीने ०.२७ घ. मी. भरतो, त्याचे खरे घनफळ मात्र सुमारे ०.३४ घ. मी. असते. उभ्या झाडांचा अंदाज एका मापाने आणि डेपोची आवक दुसऱ्या मापाने आली, तर चोरी न होताही २१ टक्के लाकूड बेपत्ता दिसते. कोणते माप वापरले आहे, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहिलेलेच असले पाहिजे.

फुगलेल्या अंदाजाचे परिणाम याच वनपट्ट्याने भोगले आहेत. खानापूर-लोंढ्याला लागून असलेल्या दांडेलीत वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी १९५० च्या दशकात उभी राहिली आणि उत्तर कन्नडच्या जंगलातला बांबू तिला नाममात्र दराने मिळू लागला. काही वर्षांत बांबू ओसरला आणि टोपल्या-सुपे विणणाऱ्यांनी ओरड केली. १९७० च्या दशकाच्या मध्यात मूळचे पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटक शासनासाठी या प्रश्नाचा अभ्यास केला. बांबूचा साठा प्रत्यक्षाच्या सुमारे दहा पट धरला गेला होता, असे त्यांना आढळले. दुसरी गोष्ट त्यांना गावकऱ्यांकडून समजली. बांबूच्या बेटाचा बुडखा काटेरी फांद्यांनी झाकलेला असतो. बेट मोकळे करण्यासाठी त्या फांद्या साफ करण्याचे काम होत असे, आणि आवरण गेल्यामुळे कोवळे कोंब गुरे व रानजनावरे खाऊन टाकत. तक्त्यात बेटांची संख्या होती, पण नवे कोंब किती जगतात याचा रकाना नव्हता. बांबूवर ज्यांचे पोट चालत होते त्यांना ते ठाऊक होते, पण त्यांना विचारले गेले नव्हते. तोड-आयोजनावरच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हे उदाहरण पहिल्या प्रकरणात असावे इतके ते मोलाचे आहे.

गणित कसे बिघडते ते साध्या सूत्रानेही दिसते. फॉन मँटेल यांच्या सूत्रानुसार वार्षिक तोड म्हणजे उभ्या साठ्याची दुप्पट भागिले आवर्तनाची, म्हणजे एका तोडीपासून पुढच्या तोडीपर्यंतची, वर्षे. हेक्टरी १०० घ. मी. साठा व ८० वर्षांचे आवर्तन धरले, तर तोड २.५ घ. मी. येते. साठा जितका पट फुगवला तितकी पट तोड वाढते. स्वीडनमधील ह्यूरेका, कॅनडातील रेमसॉफ्ट कंपनीची वुडस्टॉक किंवा अमेरिकी वनसेवेची फॉरेस्ट व्हेजिटेशन सिम्युलेटर या आज्ञावल्या याच्या कितीतरी पुढे जातात. वाढीचे अंदाज वापरून त्या शेकडो वनखंडांचे वेळापत्रक मांडतात किंवा निरनिराळे पर्याय तपासून दाखवतात. पण ह्यूरेका किंवा फॉरेस्ट व्हेजिटेशन सिम्युलेटरमधील वाढीची समीकरणे त्या त्या देशांतल्या झाडांच्या मोजण्यांवर बसवलेली असतात. ती खानापूरच्या साग-किंजळाला तशीच लावता येणार नाहीत. त्यासाठी याच भागातील कायम नमुना-भूखंडांची अनेक वर्षांची मापे हवीत.

कोणते क्षेत्र हिशेबातून वगळायचे हेही नकाशातच ठरते. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य सुमारे १९० चौ. किमी. आहे. अभयारण्यांतून मेलेली किंवा वाऱ्याने पडलेली झाडेही उचलण्यास सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी मनाई केली. त्यामुळे या क्षेत्राचा साठा गणनेत दिसला तरी तोडीच्या बेरजेत तो शून्यच धरायचा. नदीकाठचे पट्टे, तीव्र उतार, देवराया आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मान्य झालेले दावे यांचेही स्वतंत्र स्तर लागतात. जुन्या नकाशांवरून बिंदू घेताना संदर्भप्रणालीही जुळवावी लागते, नाहीतर भूखंड भलत्याच वनखंडात पडतो. संपूर्ण जिल्हा यूटीएम या नकाशाप्रक्षेपाच्या ४३ व्या पट्ट्यात येतो, ही त्यातल्या त्यात सोय.

निपाणीकडे चित्र निराळे आहे. तेथील लाकूड बरेचसे खासगी आहे : निलगिरी, सुबाभूळ, बांधावरचा साग, आंबा, बाभूळ. वनखात्याची कार्य आयोजना राखीव जंगलाची असल्याने ही झाडे तिच्यात येत नाहीत. भारतीय वन सर्वेक्षण वनाबाहेरील वृक्षांची वेगळी गणना करते, पण ती राज्य-राष्ट्र पातळीवर विश्वसनीय असते, एका तालुक्याला पुरत नाही. शिवाय कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा. कोगनोळी ओलांडून कागलकडे गेलेला ओंडका एका नियमाखाली तुटलेला आणि दुसऱ्या नियमाखाली विकला जाणारा असतो. देशभर एकच वाहतूक परवाना चालावा म्हणून केंद्राने २०२३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संगणकीय प्रणाली सुरू केली. तिच्यातील जाती, नग व घनफळाच्या नोंदी तालुकावार मांडल्या, तर सीमाभागातील शेतावरच्या लाकडाचा निदान जावक-हिशेब प्रथमच हाती येऊ शकेल.