के. वेंकटप्पा : बंगळूरचे एक मानी कलावंत

चित्रकला म्हटली की आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे राजा रविवर्म्याची छापील चित्रे उभी राहतात, नाही तर रावबहादूर धुरंधरांची. शिल्प म्हटले की म्हात्रे आणि करमरकर. पण ज्या नगरीने आम्हांस पोटाशी धरले, तेथील के. वेंकटप्पांचे नाव आमच्या घरांतून क्वचितच निघते. ग्रंथांतील चित्रे, जलरंग आणि उठावशिल्प या तिन्हींत ज्यांचा हात सारखाच चालला, अशा या कलावंताची ओळख बंगळूरकर मराठी माणसाला असावयास हवी.

म्हैसूरच्या राजचित्रकारांच्या घराण्यात १८८६ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने ते १९०९ साली कलकत्त्यास अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकावयास गेले. नंदलाल बोस तेथे त्यांचे सहाध्यायी होते. भगिनी निवेदिता व आनंद कुमारस्वामी यांचा हिंदू व बौद्ध पुराणकथांवरील इंग्रजी ग्रंथ १९१३ साली निघाला, त्यात रामकथेवरील त्यांची चित्रे आहेत. अवनींद्रनाथांच्या भारतीय शरीररचनेवरील पुस्तिकेतील आकृत्याही नंदलाल आणि वेंकटप्पा यांनीच रेखाटल्या. म्हणजे बंगालच्या नव्या चित्रसंप्रदायाच्या ऐन उमेदीच्या काळात कर्नाटकाचा हा तरुण त्याच्या आतल्या गोटात होता.

तेथून परतल्यावर त्यांनी जे केले ते व्यवहारी माणसास वेडेपणाचे वाटेल. वैणिक शेषण्णांपाशी ते वीणा शिकू लागले आणि तीतच बुडून गेले. या छंदावर त्यांनी स्वतःच एक चित्र काढले. त्याचे नावच मुळी ‘वीणेचे वेड’ अशा अर्थाचे आहे! पुढे उटी आणि कोडाईकनाल येथील त्यांची निसर्गचित्रे झाली. ढग फुटून डोंगरावर उतरणारे ऊन, दरीतले धुके, चांदणे. एकेका क्षणाच्या उजेडासाठी त्यांनी किती वाट पाहिली असेल! आमच्या मते त्यांची खरी थोरवी पौराणिक चित्रांपेक्षा या लहान जलरंगांत अधिक आहे.

शिल्पाने मात्र त्यांना यश दिले आणि मनस्तापही. म्हैसूरच्या राजवाड्यासाठी ते प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पौराणिक प्रसंगांची उठावशिल्पे घडवीत होते. १९४० साली कृष्णराज महाराज निवर्तले आणि काम थांबले. झाल्या कामाच्या मोबदल्यावरून राजवाड्याशी वाद उपस्थित झाला, तो न्यायालयापर्यंत गेला. ज्या दरबाराच्या अन्नावर आपले घराणे वाढले, त्याच्याशी एका कारागिराच्या मुलाने न्यायासाठी उभे ठाकावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. राजाश्रय हा प्रसाद मानणाऱ्या जगात त्यांनी आपल्या श्रमाचे मोल हक्काने मागितले. त्यानंतर त्यांचे वास्तव्य बंगळुरात झाले. ते अविवाहित राहिले. एकांत, काटेकोर दिनक्रम आणि वीणा हाच त्यांचा संसार.

१९६५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कृतींसाठी कस्तुरबा रस्त्यावर सरकारी संग्रहालयाशेजारी त्यांच्याच नावाची चित्रशाळा १९७५ साली उभी राहिली. २०१६ साली तिची व्यवस्था एका खासगी प्रतिष्ठानाच्या हाती देण्याचा बेत होता, तेव्हा शहरातील कलावंत तिच्या आवारात जमले आणि निदर्शने करून त्यांनी त्यास विरोध केला. त्यांतील कितीतरी तरुणांचा जन्म वेंकटप्पांच्या निधनानंतरचा होता.