कोणते शाहू महाराज?

आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात गेल्या वर्षी एका बारा वर्षांच्या मुलाने मला चांगलेच अडचणीत आणले. मुलांना मराठ्यांच्या इतिहासातली एकेक व्यक्ती निवडून तिच्याविषयी पाच ओळी लिहून आणायला सांगितले होते. या पठ्ठ्याने लिहिले होते : 'शाहू महाराज. जन्म १६८२. त्यांनी बाजीरावाला पेशवा केले. मागासलेल्या लोकांना निम्म्या नोकऱ्या दिल्या. मृत्यू १९२२.' आणि खाली पेन्सिलीने वजाबाकी करून प्रश्न विचारला होता, "काका, हे दोनशे चाळीस वर्षं जगले का?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण त्याच महिन्यात मंडळाच्या सहलीत दोन मोठी माणसे नेमकी हीच चूक करून वाद घालताना ऐकली आणि हसू ओसरले. एकाचे म्हणणे असे, की शाहू महाराजांनी स्वतःच पेशव्यांच्या हाती राज्याचा कारभार सोपवला, मग ब्राह्मण-ब्राह्मणेतर तंटा ते कशाला करतील? हे सारे मागाहून पुढाऱ्यांनी रचलेले आहे. ऐकणाऱ्यांपैकी कोणीच त्यांना थांबवले नाही. मीसुद्धा नाही, कारण सनावळ्या मलाही नीट आठवत नव्हत्या. त्या मुलाने निदान वजाबाकी तरी केली होती!

घरी आल्यावर जुनी पुस्तके काढून बसलो. शाहू एक नव्हेत, दोनही नव्हेत. सातारच्या गादीवर दोन शाहू झाले, कोल्हापूरच्या गादीवर एक, आणि आज त्याच कोल्हापूरच्या घराण्यात आणखी एक आहेत. शिवाय पहिल्या शाहूंचे खरे नाव शाहू नव्हतेच.

सुरुवात तिथूनच करू. संभाजी महाराज आणि येसूबाई यांना १८ मे १६८२ रोजी कोकणात माणगावजवळ गांगवली येथे मुलगा झाला. दोनच वर्षांपूर्वी शिवाजी महाराज निवर्तले होते. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे ही आपल्याकडची जुनी रीत, त्याप्रमाणे मुलाचे नाव शिवाजी ठेवले. सात वर्षांचा असताना, संभाजी महाराजांच्या वधानंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि आई व मुलगा दोघेही मोगलांच्या छावणीत कैदी झाले. औरंगजेबाने 'आजोबा चोर, पण हा साव' असे म्हटले आणि त्या सावाचा शाहू झाला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, शाहू हे नाव त्याला शत्रूच्या छावणीत चिकटले, घरात नव्हे. पुढे छत्रपती झाल्यावर त्यांनी जी मुद्रा पाडली तिच्यावर मात्र शंभूचा पुत्र शिवराज असाच उल्लेख आहे. सारा मुलूख शाहू म्हणत असताना शिक्क्यावर त्यांनी बारशाचे नाव राखले होते.

इकडे राजाराम महाराज जिंजीहून परत येऊन मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. त्यांचा आणि ताराबाईंचा मुलगा १६९६ चा. त्याचेही नाव शिवाजीच! शेवटी तोही त्याच आजोबांचा नातू. ताराबाईंनी या चार वर्षांच्या शिवाजीला गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी लढा दिला. म्हणजे १७०० ते १७०७ या काळात शिवाजीचा नातू शिवाजी मोगलांच्या कैदेत होता, आणि शिवाजीचा दुसरा नातू शिवाजी मराठ्यांच्या गादीवर. कोणाला गोंधळ झाला तर त्याला दोष कसा द्यायचा?

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब मेला. त्याचा मुलगा आजमशाह दिल्लीच्या तख्तासाठी उत्तरेकडे निघाला आणि मे महिन्यात त्याने शाहूंना सोडून दिले. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवले. मराठ्यांत दुही माजावी हा त्यातला हेतू उघड होता, आणि तो सफलही झाला. ताराबाईंनी हा माणूस तोतया आहे असे जाहीर केले. सात वर्षांचे मूल गेले होते, पंचविशीचा गृहस्थ परत आला होता. ओळखायचे कशावरून? ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाईची वेळ आली तेव्हा ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले आणि प्रश्न तिथे सुटला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला. मला वाटते, शाहू हे नाव टिकून राहिले याचे एक कारण अगदी व्यवहाराचे असावे : एका गादीसाठी दोन शिवाजी भांडत असताना लोकांना वेगळे नाव हवेच होते.

या थोरल्या शाहूंचे कर्तृत्व माणसे हेरण्यात होते. बाळाजी विश्वनाथ भटांना त्यांनी १७१३ मध्ये पेशवा केले. १७१९ मध्ये बाळाजींनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि सनदांबरोबर येसूबाईंनाही आणले. तब्बल तीस वर्षांनी ती माउली स्वराज्यात परतली. सनदांपेक्षा शाहूंना या गोष्टीचे मोल अधिक वाटले असेल, असे आपले माझे मत. पुढच्याच वर्षी बाळाजी वारले तेव्हा जुन्या मानकऱ्यांचा विरोध असूनही त्यांनी वीस वर्षांच्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. तेव्हा सहलीतले आमचे मित्र म्हणत होते ते या शाहूंपुरते खरे आहे. इथे जात हा मुद्दाच नव्हता. ज्यांची निष्ठा आणि तडफ कसाला लागली होती अशी माणसे त्यांना हवी होती आणि ती त्यांना मिळाली.

कोल्हापूरचे वेगळे राज्य याच भांडणातून निघाले. ताराबाई पन्हाळ्यास राहिल्या. १७१४ मध्ये राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांच्या पक्षाने ताराबाई आणि त्यांच्या शिवाजीला कैदेत टाकून राजसबाईंच्या मुलाला गादीवर आणले. त्या मुलाचे नाव काय, तर संभाजी. शेवटी १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर यांच्या हद्दी ठरल्या. तह कोणात झाला? संभाजींचा मुलगा शाहू आणि शाहूंचा चुलतभाऊ संभाजी यांच्यात. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

शाहूंना मुलगा उरला नाही. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते गेले. त्यांच्या मागे गादीवर आलेले रामराजे हे आपले नातू असे आधी सांगणाऱ्या ताराबाईंनीच पुढे ते नाकारले, आणि त्या तंट्यात छत्रपतींची उरलीसुरली सत्ता संपली. कारभार पुण्याला गेला. रामराजांनीही १७७७ मध्ये दत्तक घेतला. वावीच्या भोसल्यांपैकी त्र्यंबकजींचा हा मुलगा, मूळ नाव विठोजी. दत्तकविधी होताच त्याचे नाव शाहू झाले. हे धाकटे शाहू.

धाकट्या शाहूंची आठवण कोणी काढत नाही. ते नावाचे छत्रपती होते, प्रत्यक्षात साताऱ्यातले कैदी. नव्या पेशव्याला वस्त्रे मात्र त्यांच्याकडूनच जायची, म्हणजे कैद्याने तुरुंगाच्या मालकाला अधिकार द्यायचा! १७९८ मध्ये त्यांनी भाऊ चतुरसिंग यांच्या मदतीने साताऱ्यात उठाव करून पाहिला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी तो मोडून काढला, चतुरसिंग कोल्हापूरकडे निसटले आणि शाहू पुन्हा बंदोबस्तात गेले. १८०८ मध्ये ते वारले. एका शाहूने पेशवा नेमला, दुसऱ्या शाहूला त्याच पेशवाईने कोंडून ठेवले. दोघांना एक केले की ही सगळी गोष्टच नाहीशी होते.

या धाकट्या शाहूंचे पुत्र प्रतापसिंह. इंग्रजांनी पेशवाई बुडवल्यावर त्यांना साताऱ्यास बसवले आणि १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून काशीला धाडले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला आले आणि १८५३ पर्यंत कंपनीची आणि पार्लमेंटची दारे ठोठावत राहिले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले. १८४८ मध्ये त्यांचे भाऊ शहाजी निवर्तले, दत्तक नामंजूर झाला आणि सातारचे राज्य खालसा झाले. तरी रंगो बापूजी लंडन सोडायला तयार नव्हते. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या माणसावर एखादा कार्यक्रम करायला हरकत नाही, पण तो विषय वेगळा.

आता कोल्हापूर. तिथे राजाराम नावाचे तरुण महाराज १८७० मध्ये इंग्लंडला आले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी लिहिली, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स येथे अवघ्या विशीत वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तिथे त्यांचा अर्धपुतळा आणि छत्री आजही उभी आहे आणि जवळच्या पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. जिंजीच्या राजारामांशी यांची गल्लत करू नये एवढेच.

त्यांच्या मागे दत्तक घेतलेल्या नारायणरावांचे नाव शिवाजी ठेवले. कोल्हापूरकर त्यांना चौथे शिवाजी म्हणतात. मूळ पुरुष धरला तर ते पाचवे होतात, आणि थोरल्या शाहूंचे पाळण्यातले नाव धरले तर सहावे! त्यांची कहाणी करुण आहे. त्यांना वेड लागले असे ठरवण्यात आले आणि गोऱ्या पहारेकऱ्यांच्या ताब्यात ठेवले गेले. त्यांच्या छळाबद्दल दिवाण बर्व्यांवर केलेल्या लिखाणापायी टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या सोल्जराशी झालेल्या झटापटीत महाराज मरण पावले. वय जेमतेम विशीचे.

आणि मग १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचा दहा वर्षांचा मुलगा यशवंतराव दत्तक घेतला. नाव ठेवले शाहू. मी इथे बराच वेळ थांबलो. कोल्हापूरची गादी ज्या शाहूंशी भांडून वेगळी झाली त्यांचेच नाव त्या गादीवरच्या मुलाला? पण तोवर ते भांडण दीडशे वर्षे जुने झाले होते आणि सातारा खालसा होऊन छत्तीस वर्षे उलटली होती. शाहू या नावाला सातारच्या गादीवर वारस उरला नव्हता. थोरल्या घराण्याचे नाव धाकट्या घराण्याने सांभाळायला घेतले, असे मी तरी समजतो.

याच शाहूंनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. १८९९ मध्ये पंचगंगेच्या काठी वेदोक्त मंत्रांचा प्रश्न उभा राहिला. छत्रपतींसाठी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत होता, कारण त्याच्या लेखी ते शूद्र. ज्यांच्या दत्तक पित्यासाठी टिळक तुरुंगात गेले त्यांच्याशीच टिळकांचा या प्रकरणात उभा वाद झाला. कारभारातल्या जागा पिढ्यान्‌पिढ्या एकाच वर्गाच्या हाती होत्या, हे महाराज रोज पाहत होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांचा हुकूम निघाला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. त्या वेळी महाराज स्वतः इंग्लंडमध्ये होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी. त्याच दौऱ्यात केंब्रिजने त्यांना एलएल.डी. दिली. मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण, जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे, राधानगरीचे धरण ही सारी कामे यांचीच. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले. (हे माणगाव कोल्हापूरकडचे. थोरल्या शाहूंच्या जन्मगावाजवळचे माणगाव कोकणातले. गावांनीही आपल्याला सोडलेले नाही!) ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रियांनी दिलेली 'राजर्षी' ही पदवी पुढे त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली, तेवढीच काय ती सोय.

सहलीतल्या मित्राला फोन करून हे सगळे सांगितले. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे पेशवे नेमणारे वेगळे आणि हुकूम काढणारे वेगळे." मी म्हटले, मध्ये एकशे नव्वद वर्षे आहेत आणि कैदेतला एक शाहूही आहे. माझा मुद्दा त्यांनी मान्य केला की नाही कोण जाणे, पण पुस्तक मागून घेतले.

वर्गातल्या मुलाने नवा तक्ता केला, या वेळी चार रकान्यांचा. चौथ्या रकान्यात कोल्हापूरचे सध्याचे शाहू महाराज आहेत. जन्म १९४८, नागपूरकर भोसल्यांच्या घरातून १९६२ मध्ये दत्तक, आणि २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आलेले. प्रत्येकाच्या नावाखाली त्याने एक ओळ रिकामी सोडून 'बारशाचे नाव' असे लिहिले आणि ती भरून आणली : शिवाजी, विठोजी, यशवंतराव, दिलीपसिंह. मग वर बघून म्हणाला, "काका, यातला एकही शाहू म्हणून जन्मलेला नाही."