चिठ्ठीवरचे गाव

आमच्या प्रयोगशाळेत खडकाचा नमुना आला की त्याला पहिली चिठ्ठी चिकटते ती तो कुठे मिळाला याची. तो कुठे घडला, हा प्रश्न त्यानंतरचा. कर्ली नदीच्या पात्रात सापडलेला गोटा सह्याद्रीतून वाहत आलेला असू शकतो, हे शाळकरी मुलालाही पटते. जुन्या चित्रांच्या बाबतीत मात्र मोठ्यांचीही गल्लत होते.

मालवणहून कुडाळला आलात की पिंगुळी जवळच आहे. इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढली. फूटभर उंच, दीड फूट लांब अशा कागदावर एकेक प्रसंग रंगवायचा, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि रामायण, महाभारत किंवा पुराणातल्या एका आख्यानाचा असा संच बांधायचा. या संचालाच 'पोथी' म्हणतात. पोथीत लिहिलेली कथा नसते. ती सांगणाऱ्याच्या तोंडी असते. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने तो एकेक चित्र समोर धरतो आणि श्रोत्यांना देवाचे दर्शन घडवतो.

याच घराण्यातली वाटावी अशी पुष्कळ चित्रे पैठण परिसरात मिळाली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही ती पाहायला मिळतात. सापडली पैठणला, म्हणून शैलीचे नाव पडले 'पैठण'. १९८० साली आन्ना दालापिकोला यांनी या शैलीच्या वाढीवर आणि मूर्तिविधानावर जर्मन भाषेत जो ग्रंथ लिहिला, त्याच्याही शीर्षकात पैठणच आहे. पुढे १९८४ मध्ये व्हॅलेंटिना श्टाखे-रोझेन यांनी पिंगुळीच्या चित्रांतील कथाकथनावर लेख लिहिला, तेव्हा गावाचे नाव अभ्यासकांच्या शीर्षकात आले. चित्रकथी हे फिरते लोक. पोथी खांद्यावर टाकून गावोगाव जाणाऱ्याचे चित्र जिथे मिळाले तिथेच ते रंगवले गेले, असे मानायला आधार काय? पैठणला कोणी चित्रे काढलीच नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. मिळण्याची जागा हा घडण्याच्या जागेचा पुरावा होत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

अशीच गल्लत युरोपातल्या एका प्रसिद्ध पोथीच्या बाबतीत होऊ शकते. जर्मनीतली हिल्डेगार्ड (१०९८ ते ११७९) ही मठाध्यक्षा. तिला झालेले २६ साक्षात्कार तिने ११४१ ते ११५१ या काळात 'स्कीव्हियास' या ग्रंथात नोंदवून ठेवले. त्याच्या एका हस्तलिखितात सोन्याचांदीचा वापर केलेली ३५ चित्रे होती. चमकणारे ठिपके, एकात एक वर्तुळे, किल्ल्याच्या तटासारख्या दातेरी रेषा पाहून वैद्यकाचे इतिहासकार चार्ल्स सिंगर यांनी १९१७ मध्ये निदान केले, की या बाईला अर्धशिशी होती.

निदान अशक्य नाही. अर्धशिशीच्या आधी काही जणांना अशा रेषा खरोखर दिसतात. मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकणारी एक लाट त्यांच्या मुळाशी असते. १८७० साली ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने स्वतःला दिसलेल्या रेषांची चित्रे प्रसिद्ध केली. ती रेषा कशी वाढत जाते, हेही त्याने टप्प्याटप्प्याने दाखवले. पाहणारा आणि काढणारा एकच असल्याने तो पुरावा भक्कम आहे.

हिल्डेगार्डचे तसे नाही. चित्रांचे हस्तलिखित ग्रंथ पुरा झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी तयार झाले. चित्रांच्या रचनेत तिचा स्वतःचा हात किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मग चित्रातली दातेरी रेषा तिच्या डोळ्यांपुढची, की चित्रकाराच्या हाताला लागलेल्या वळणाची? आज रंग तपासून पाहायचे म्हटले तरी मूळ पोथी हाती नाही. ती १९४५ मध्ये युद्धाच्या धामधुमीत ड्रेस्डेनहून नाहीशी झाली. आयबिंगेनच्या मठातील भगिनींनी १९२७ ते १९३३ या काळात तिची हाताने नक्कल करून ठेवली होती, म्हणून रेषा आणि रचना तरी वाचल्या. नकलेत मूळ रंगांचे कण मात्र कसे सापडणार?

हे वाचून पुन्हा पिंगुळीकडे पाहावे. संग्रहात गेलेले सुटे पान जपले जाते, पण पोथीतला त्याचा क्रम आणि त्यावर बोलणारा माणूस मागे राहतो. तो माणूस पिंगुळीत अजून आहे. परशुराम गंगावणे यांनी गावात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे केले; त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हिल्डेगार्डच्या चित्रकाराला आता काही विचारता येत नाही. पिंगुळीत अजून विचारता येते: हे पान कोणत्या पानानंतर येते, इथे काय गायचे, ही पोथी कुणाच्या आजोबांनी रंगवली? ही उत्तरे आज लिहून घेतली नाहीत, तर उद्याचा अभ्यासकही चित्रावरून अंदाज बांधत बसेल.

शिक्षकांना वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांच्या ओळखीच्या एका गोष्टीची दहा चित्रे दहा मुलांकडून काढून घ्यावीत, ती पिसावीत आणि शेजारच्या वर्गाला द्यावीत. गोष्ट कोणती, क्रम कोणता, चित्रे कुणाची, हे त्या वर्गाने ओळखावे आणि प्रत्येक उत्तरापुढे 'कशावरून' हे लिहावे. 'कशावरून'चा रकाना रिकामा राहील तिथे थांबावे. आमच्या प्रयोगशाळेतही नेमके तिथेच थांबावे लागते.