वॉकी-टॉकीतला ‘प्रायव्हसी कोड’: सीटीसीएसएस आणि डीसीएस तयार कसे होतात?

वॉकी-टॉकीच्या खोक्यावर ‘प्रायव्हसी कोड’ असं छापलेलं दिसलं, की लगेच व्हॉट्सअ‍ॅपसारखं एन्क्रिप्शन डोळ्यासमोर आणू नका. यात काहीही कुलूपबंद होत नाही. त्याच फ्रिक्वेन्सीवर कोड बंद ठेवून बसलेला कुणीही तुमचं सगळं बोलणं ऐकू शकतो. कोड फक्त समोरच्या सेटला सांगतो, की ‘हा आपला माणूस आहे, स्पीकर उघड’. तेव्हा यावर ओटीपी, घरचा पत्ता वगैरे बोलू नका.

यातला जुना प्रकार सीटीसीएसएस. तुम्ही बोलत असताना आवाजाच्या खाली एक मंद सूर सतत चालू असतो. नेहमीच्या यादीत हे सूर ६७.० ते २५४.१ हर्ट्झपर्यंत आहेत. खरं तर आपल्या कानाला ते सहज ऐकू येतील, पण सेटमधला फिल्टर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं स्पीकरपर्यंत पोचण्याआधीच कापतो. (आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त पॉवर सप्लायची गुणगुण १०० हर्ट्झवर येते. म्हणून मी १००.० चा सूर निवडत नाही.)

पूर्वी हा सूर धातूच्या कंप पावणाऱ्या पट्टीतून काढत. सूर बदलायचा तर पट्टीच बदलायची. आता ते काम कोड करतो. मी हे एका साध्या मायक्रोकंट्रोलरवर लिहिलंय, दहा-बारा ओळींत होतं. १६ बिटचा एक काउंटर घ्या आणि सेकंदाला ८००० वेळा त्यात ७२५ मिळवत राहा. तो भरला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. प्रत्येक वेळी काउंटरच्या आकड्यानुसार साइनच्या तक्त्यातली किंमत बाहेर द्या, की ८८.५ हर्ट्झचा सूर तयार. साइन न वापरता नुसता पिन चालू-बंद केला तर चौकोनी लाट मिळते. तिचा पाचवा हार्मोनिक ४४२.५ हर्ट्झवर, म्हणजे थेट बोलण्याच्या पट्ट्यात येतो आणि समोरच्याला घरघर ऐकू येते. सूर फार मोठाही नको. एकूण डेव्हिएशनच्या साधारण १० ते १५ टक्के पुरतो.

डीसीएसमध्ये सुराऐवजी बिट्स असतात. मेनूत दिसणारा ०२३ सारखा आकडा ऑक्टल असतो, म्हणजे ९ बिट. त्यात ठरलेले ३ बिट आणि गोले कोडचे ११ तपासणी बिट मिळवून २३ बिटांचा शब्द होतो. तो सेकंदाला १३४.४ बिट या वेगाने, मध्ये न थांबता फिरत राहतो. २३ पैकी ३ बिट बिघडले तरी मूळ शब्द ओळखता येतो. पण शब्द कुठे सुरू झाला याची खूणच नसते. एक कोड फिरवला की दुसऱ्यासारखा दिसू शकतो, म्हणून ५१२ पैकी शंभरच्या आसपासच कोड वापरात आहेत. उलटा केलेला ०२३ म्हणजे चक्क ०४७!

इथवर सगळं सॉफ्टवेअर. खरी अडचण ट्रान्समीटरमध्ये आहे. तिथे पीएलएल नावाचं सर्किट फ्रिक्वेन्सी सतत क्रिस्टलशी ताडून पाहतं आणि सरकली की परत जागेवर आणतं. एफएममध्ये तर आपण फ्रिक्वेन्सी मुद्दामच हलवत असतो! आवाजाची हालचाल वेगवान असल्याने ती निसटते. पण डीसीएसचा शब्द सेकंदाला जेमतेम ५.८ वेळा फिरतो, म्हणजे त्यात अगदी संथ चढउतार असतात. पीएलएलला ती चूक वाटते आणि ते तिला पुसून टाकतं. पीएलएल मंद केलं तर चॅनेल बदलायला वेळ लागतो. म्हणून चांगल्या सेटमध्ये तोच सिग्नल दोन जागी देतात: ऑसिलेटरला आणि संदर्भाच्या क्रिस्टलला. वेगवान भाग पहिला सांभाळतो, संथ भाग दुसरा. दोघांचं प्रमाण बिघडलं तर बिटांचे सपाट माथे उतरते होतात आणि समोरचा सेट गप्पच राहतो. सीटीसीएसएस चालतं पण डीसीएस चालत नाही, अशा सेटमध्ये मी आधी याच जागी शंका घेतो.

बटण सोडतानाही एक काम उरतं. लगेच कॅरियर बंद केला तर समोर ‘खर्रर्र’ येतं. म्हणून डीसीएसमध्ये आधी सुमारे १८० मिलिसेकंद १३४.४ हर्ट्झचा सूर जातो आणि समोरचा स्पीकर वेळेत बंद होतो. सीटीसीएसएसमध्ये त्यासाठी सुराची फेज क्षणभर उलटवतात.

मेनूत पाठवायचा आणि ऐकायचा कोड वेगवेगळा ठेवता येतो. ट्रेकला जाताना ऐकायचा कोड बंदच ठेवा, असं माझं मत आहे. नाहीतर कोड न लावलेल्या माणसाची मदतीची हाक तुमच्या अँटेनापर्यंत येईल, पण स्पीकरमधून बाहेर पडणार नाही. शिवाय दुसरा ग्रुप त्याच चॅनेलवर बोलत असला तरी कळत नाही आणि तुम्ही त्यांच्यावर बोलता. त्यामुळे बोलण्याआधी मॉनिटर बटण दाबून ऐका. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय चालतो, तिथे गर्दी होणारच.