पुराकालीन सागरी तापमान
तापमापकाच्या नोंदींपूर्वीचे सागरी तापमान अप्रत्यक्ष पुराव्यांवरून ठरवितात. पाणी जितके थंड, तितके त्यात घडणाऱ्या चुनखडी कवचात ऑक्सिजनाच्या जड समस्थानिकाचे प्रमाण अधिक, हे तत्त्व हॅरल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये मांडले. चेझारे एमिल्यानी यांनी १९५५ मध्ये सागरतळाच्या गाळातील फोरॅमिनीफेरांच्या कवचांवरून हिमयुगीन तापमानाचे चढउतार काढले. तथापि हलका समस्थानिक हिमस्तरांत अडकून पडल्यानेही सागरजलात जड समस्थानिकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे या चढउतारांचा मोठा भाग तापमानाचा नसून बर्फाच्या साठ्याचा निदर्शक आहे, असे निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखविले. पुढे कवचांतील मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तरावरून तापमान स्वतंत्रपणे काढून हे दोन परिणाम वेगळे करता येऊ लागले. आधुनिक तापमानवाढ नैसर्गिक चढउतारांच्या तुलनेत जोखण्यास अशी पारखलेली मापनेच उपयोगी पडतात.